विजेची शेवटची बोटभर वाट



वीज म्हटली की चंद्रपूरचा माणूस मान वर करतो. ऊर्जानगरच्या उंच धुराड्यांकडे बघतो, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "ही आमची वीज!" त्यात खोटे काहीच नाही. १९८३ साली इथला पहिला संच सुरू झाला आणि आज ह्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळसा आपला, इरईचे पाणी आपले, आणि राखही आपल्याच वाट्याची. आज मात्र मी आपल्याला धुराड्याकडे नव्हे, तर त्याच्या अगदी उलट टोकाकडे बघायला सांगणार आहे. हे टोक म्हणजे आपल्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात बसलेली नखाएवढी चिप. विजेचा सारा प्रवास तिथे संपतो. त्या प्रवासाच्या शेवटच्या बोटभर वाटेवर काय घडते, आणि विजेचा दाब बदलणारे यंत्र त्या चिपवरच बसवण्याची धडपड शास्त्रज्ञ का करीत आहेत, हे आज आपण पाहू.

विषय जरा अवघड वाटेल. पण त्याचे मूळ तत्त्व आपल्या जिल्ह्यातच, उघड्या माळावर उभे आहे. तिथूनच सुरुवात करू.

चंद्रपूरजवळून एक खास वीजवाहिनी निघते आणि ७५२ किलोमीटरांचा पल्ला गाठून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते. १९९९ साली ती सुरू झाली. ती एका वेळी १५०० मेगावॉट वीज नेऊ शकते. ह्या वाहिनीत एकदिश प्रवाह वाहतो आणि तिच्या दोन तारांपैकी एकीवर अधिक पाच लाख व्होल्ट, तर दुसरीवर उणे पाच लाख व्होल्ट इतका प्रचंड दाब असतो. एवढा दाब कशासाठी? कारण साधे आहे. वीजशक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तीच शक्ती न्यायची असेल तर दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो. आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की नासाडी चौपट, आणि दसपट झाला की शंभरपट! म्हणून शहाणपण असे की लांबच्या वाटेवर दाब चढा ठेवावा, प्रवाह बेताचा ठेवावा, आणि मुक्काम जवळ आला की मगच दाब उतरवावा.

आता एक हिशेब करू. दोन तारांमधला दाब दहा लाख व्होल्ट, आणि शक्ती १५०० मेगावॉट. म्हणजे प्रवाह झाला १५०० अँपिअर. हा १५०० चा आकडा कृपा करून लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात तो पुन्हा लागणार आहे.

पडघ्याच्या वाहिनीच्या दोन्ही टोकांना रूपांतरण केंद्रे आहेत. चंद्रपूरकडच्या टोकाला प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह होतो आणि पडघ्याला पुन्हा उलट. आपल्याच जिल्ह्यात भद्रावतीला दुसरे एक केंद्र आहे. ते तर आणखी गमतीचे. तिथे दोन रूपांतरक एकमेकांना पाठीला पाठ लावून बसले आहेत आणि एकदिश प्रवाहाची त्यांच्यामधली वाट जेमतेम त्या केंद्रापुरती. मग ते बांधले कशाला? १९९७-९८ च्या सुमारास ते सुरू झाले तेव्हा पश्चिमेचे वीजजाळे आणि दक्षिणेचे वीजजाळे एका ठेक्यावर चालत नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने ती दोन्ही एका ठेक्यात आली. तोवर ह्या सीमेवर नेमकी किती वीज इकडून तिकडे सोडायची, हे भद्रावतीचे रूपांतरक ठरवीत. म्हणजे रूपांतरकाची कामे दोन: नासाडी टाळणे हे एक, आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच वीज मापून देणे हे दुसरे. चिपवरच्या रूपांतरकाचीही हीच दोन कामे आहेत.

ह्या भल्यामोठ्या केंद्रांच्या पोटात काय असते? थायरिस्टर नावाच्या चकत्या. सिलिकॉनच्या, तळहातावर मावतील अशा. अशा पुष्कळ चकत्या एकापुढे एक जोडून त्या प्रचंड दाबाला तोंड देतात. प्रत्येक चकती म्हणजे एक खटकाच; सेकंदाला ५० वेळा उघडणारा आणि मिटणारा. ज्या सिलिकॉनची चिप बनते त्याच सिलिकॉनचा हा खटका, बरं का! भद्रावतीतला भीम आणि मोबाइलमधली मुंगी, दोघेही एकाच मातीचे.

आता त्या मुंगीकडे वळू.

आजच्या चिपमधले ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म असतात की त्यांना फार दाब सोसत नाही. शिवाय चिपमध्ये खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणूनही दाब कमी ठेवणे फायद्याचे. त्यामुळे चिप साधारण एका व्होल्टवर, कधी त्याहूनही कमी दाबावर चालते. मोबाइलच्या चिपला शक्ती थोडकी लागते. पण मोठमोठ्या संगणकगृहांत बसवलेल्या काही चिपा एकेकट्या ७०० वॉटपर्यंत वीज घेतात. एका व्होल्टवर ७०० वॉट म्हणजे प्रवाह किती? ७०० अँपिअर!

आठवला का तो मघाचा आकडा? सातशे बावन्न किलोमीटरांवरून पडघ्याला जाणारा पूर्ण भरातला प्रवाह १५०० अँपिअर. आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिपच्या दारात ७०० अँपिअर. जवळजवळ निम्मा! तिकडे त्यासाठी जाड तारांच्या जुड्या आणि उंच मनोरे आहेत. इकडे तांब्याचे पातळ पत्रे आणि केसाहून बारीक रस्ते. त्या छोट्या वाटेचा रोध ओहमचा फक्त दहा हजारावा भाग धरला, तरी वर्गाचा नियम सांगतो की तिथे ४९ वॉट उष्णता होऊन जातील. शेकडो किलोमीटर जपून आणलेली वीज अशी दाराशी येऊन सांडते. भरलेली घागर विहिरीवरून घरापर्यंत सांभाळून आणावी आणि उंबऱ्यावर ठेचकाळावे, तसे हे झाले.

उपाय तोच, चंद्रपूर-पडघ्याचा! दाब शेवटपर्यंत चढा ठेवा आणि अगदी मुक्कामावर, म्हणजे चिपच्या शेजारी नव्हे तर चिपवरच, उतरवा. दाब १.८ व्होल्ट ठेवून तेच ७०० वॉट चिपपर्यंत आणले तर प्रवाह ३८९ अँपिअरवर येतो आणि वाटेतली नासाडी ४९ वॉटवरून सुमारे १५ वॉटवर उतरते. तत्त्व इतके सोपे आहे. मग अडले कुठे?

परवा वर्गात हा भाग शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दाब जास्त असेल तर मध्ये एक रोध टाकून तो कमी करायचा; त्यात एवढे काय?" प्रश्न रास्त होता, आणि बरीच वर्षे लहान यंत्रांतून असेच करीत आले आहेत. पण हिशेब पाहा. मोबाइलच्या बॅटरीचा दाब धरा ३.७ व्होल्ट आणि चिपला हवा ०.८ व्होल्ट. जास्तीचा दाब मध्येच जिरवायचा म्हटले तर शंभरातले सुमारे २२ भाग चिपला मिळतात आणि ७८ भाग नुसते तापण्यात जातात. चंद्रपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या माणसाला नसती उष्णता म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

दुसरी रीत आहे ती खटक्याची. ती समजायला कुंभाराचे चाक डोळ्यांपुढे आणा. कुंभार काठीने चाकाला जोर देतो, मग काठी काढून घेतो, आणि चाक आपल्या जडपणामुळे फिरत राहते. गती मंदावू लागली की पुन्हा एक जोर. काठी थोडाच वेळ लागलेली असते. चाक मात्र एकसारखे फिरते. विजेत चाकाचे काम तारेचे वेटोळे करते. प्रवाह एकदा सुरू झाला की वेटोळे त्याला एकदम थांबू देत नाही. खटका शंभरातले २२ भाग वेळ मिटलेला ठेवला आणि ७८ भाग वेळ उघडा ठेवला, की ३.७ व्होल्टचे सरासरी ०.८ व्होल्ट पलीकडे मिळतात. गंमत पाहा, २२ आणि ७८ हे आकडे दोन्ही रीतींत तेच आले. पण पहिल्या रीतीत ७८ भाग वीज जळाली, आणि दुसरीत ७८ भाग वेळ नुसते दार बंद होते. दार बंद ठेवायला काय खर्च येतो?

खटके पुरेसे आहेत. चिप म्हणजे खटक्यांचेच गाव. अडचण आहे ती चाकाची. सेकंदाला काही लाख वेळा खटका मारला तर वेटोळे इतके मोठे लागते की ते चिपवर मावत नाही, बाहेर पाटीवर ठेवावे लागते. आणि बाहेर ठेवले की ती शेवटची बोटभर वाट आलीच. पण कुंभाराने काठी फार भरभर लावली, तर दोन जोरांमध्ये चाकाला आपली गती फारच थोडा वेळ टिकवावी लागेल. मग चाक लहान, हलके असले तरी चालेल. तसेच खटका जितका वेगाने मारावा तितके वेटोळे लहान होते.

इंटेल कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेल्या हॅसवेल ह्या प्रोसेसरात नेमके हेच केले. पाटीवरून सुमारे १.८ व्होल्ट आणायचे आणि पुढची उतरण प्रोसेसरनेच करायची. त्यातले खटके सेकंदाला १४ कोटी वेळा चालत. भद्रावतीचा ५० चा ठेका आणि हा १४ कोटींचा! ह्या वेगामुळे वेटोळ्याला लोखंडी गाभ्याचीही गरज उरली नाही. चिप ज्या आधारपट्टीवर बसवतात तिच्या थरांतच तांब्याचे लहान फेरे ओढून काम भागले, आणि रूपांतरणाची कार्यक्षमता अनुकूल स्थितीत शेकडा ९० पर्यंत गेली.

वेटोळ्याला पर्याय म्हणून दुसरीही एक युक्ती आहे. तिच्यात धारित्रे वापरतात. दोन सारखी धारित्रे एकावर एक रचून दोन व्होल्टवर भरायची, की प्रत्येकात एकेक व्होल्ट साठतो. मग ती शेजारी-शेजारी मांडून रिकामी करायची, की दाब निम्मा आणि प्रवाह दुप्पट. हे सेकंदाला लाखो वेळा करायचे. धारित्राला मात्र जागा फार लागते, आणि चिपवरची जागा म्हणजे भर बाजारपेठेतली जमीन. म्हणून संशोधकांनी सिलिकॉनमध्ये खोल, अरुंद चर खणून त्यांच्या भिंतींवर धारित्रे बनवली. शेत लहान असेल तर तळे न खोदता विहीर खणतात, तसाच हा विचार. ह्या रीतीची मर्यादा अशी की ती निम्मे, तिसरा हिस्सा अशा ठरावीक प्रमाणांतच चांगली चालते. अधलामधला दाब मागितला की नासाडी वाढते.

आता रूपांतरकाच्या दुसऱ्या कामाकडे येऊ, म्हणजे मापून देण्याकडे. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. झाडीपट्टीतली धानाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. मामा तलावाच्या पाळीला एकच दार असेल आणि खालच्या सगळ्या बांध्यांत पाणी एकदमच सोडायचे असेल, तर ज्या बांधीला सर्वांत जास्त पाणी हवे तिच्या मापाने दार उघडावे लागते; बाकीच्यांत पाणी नाहक साचते. प्रत्येक बांधीला आपले वेगळे तोंड असले, तर जिला जेवढे हवे तेवढेच मिळते. चिपचेही असेच आहे. तिचा एक भाग चित्र काढीत असतो, एक हिशेब करीत असतो, एक निवांत असतो. रूपांतरक बाहेर असेल तर बहुधा ह्या साऱ्यांना मिळून थोड्याच दाबांत भागवावे लागते. तो चिपवर आला की प्रत्येक भागाला आपला दाब, आणि तोही गरजेप्रमाणे क्षणार्धात बदलणारा. एका व्होल्टऐवजी ०.८ व्होल्टवर काम भागले तर वर्गाच्या नियमाने तेच काम शंभराऐवजी ६४ भाग विजेत होते. म्हणजे ३६ टक्क्यांची बचत, आणि कामात कसूर नाही!

इतके सारे चांगले आहे, तर ही गोष्ट सगळीकडे कधीच व्हायला हवी होती, असे आपण म्हणाल. पण निसर्ग फुकट काही देत नाही. खटका दर वेळी उघडता-मिटताना थोडी वीज खातो. सेकंदाला १४ कोटी वेळा खाल्ली की त्या 'थोडी'ची रास होते. वेटोळे लहान केले की त्याची तार बारीक होते आणि तिचा रोध वाढतो. रूपांतरकाने शंभरातले दहा भाग खाल्ले तर ती उष्णता नेमकी चिपच्या अंगावर, जिथे आधीच भट्टी पेटलेली आहे तिथे पडते. आणि मघाच्या आपल्या हिशेबात वाटेवर वाचले ३४ वॉट. पण ७०० वॉटवर दहा टक्के म्हणजे ७० वॉट. नुसती वाटेवरची बचत पाहिली तर व्यवहार आतबट्ट्याचा ठरू शकतो. पाटीवरच्या रूपांतरकाचे ओझे हलके होणे आणि प्रत्येक भागाला मापून देणे, हे दोन्ही लाभ त्यात मिळवले, तरच जमाखर्च जुळतो. म्हणूनच इंटेलने २०१५ साली साध्या संगणकांसाठीच्या पुढल्या स्कायलेक प्रोसेसरात हा भाग काढून पुन्हा बाहेर पाटीवर नेला, आणि २०१९ साली आइस लेक ह्या प्रोसेसरात तो पुन्हा आत आणला. ह्याला धरसोड म्हणू नये. शास्त्राचा जमाखर्च असाच मांडत, पुसत, पुन्हा मांडत पुढे जातो.

आता आपल्या रानाकडे येऊ. ताडोबाच्या जंगलात वाघांची मोजदाद करायला झाडांच्या बुंध्यांवर कॅमेरे बांधतात. अशा कॅमेऱ्याचे आयुष्य मोठे मजेचे. तो रात्रंदिवस झोपलेला असतो आणि समोरून काही हालले की क्षणभर जागा होऊन चित्र टिपतो. तिथे रूपांतरक पूर्ण भारावर किती चांगला, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही; काही काम नसताना तो स्वतः किती खातो, हा खरा प्रश्न. दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर नुसता जागता राहण्यासाठी एक मिलिअँपिअर जात असेल, तर एकही वाघ न दिसता सेल ८३ दिवसांत कोरडा पडेल. तोच खर्च शंभराव्या हिश्शावर आणला, तर सेल आपल्या वयोमानानेच संपेल, पहाऱ्यामुळे नव्हे. गावाच्या वेशीवर वाघ आला तर सूचना देणारे कॅमेरेही अलीकडे लावू लागले आहेत. तिथे सेल संपणे म्हणजे पहारेकऱ्याला डुलकी लागणे. त्याची किंमत मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाईने का मोजावी?

आणि गडचिरोलीकडे, भामरागडला? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिथला रस्ता तुटतो, आणि अशा वेळी वीजही गेली तर मोबाइलमध्ये जेवढी धुगधुगी उरली असेल तेवढाच बाहेरच्या जगाशी धागा. कुणी अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन लावीत असेल, त्या वेळी शंभरातले ७८ भाग तापण्यात गेले की २२, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. शहरातल्या माणसाला कार्यक्षमता म्हणजे सोय. दूरच्या गावाला ती कधीकधी वेळ असते, आणि वेळ म्हणजे जीव.

शेवटी पुन्हा आपल्या धुराड्यांपाशी येतो. कोळशावरच्या केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. म्हणजे पलीकडच्या टोकाला चिपच्या दारात एक भाग वीज सांडली, तर इकडे तीन भाग कोळशाची ऊर्जा व्यर्थ गेली. पडघ्याच्या पुढे नवी मुंबईत आज मोठमोठी संगणकगृहे उभी आहेत. जाळ्यात मिसळलेल्या विजेवर कुणाचे नाव लिहिलेले नसते, त्यामुळे चंद्रपूरची वीज नेमकी कुठल्या चिपला गेली, हे कुणी सांगू शकणार नाही. पण सांडलेल्या विजेची राख कुठल्या तरी ऊर्जानगरात पडतेच, आणि ती अंगणातून झाडणारी माणसे आपल्यासारखीच असतात.

म्हणून माझे एक मागणे आहे, विशेषतः इथल्या तरुण मुलामुलींकडे. चंद्रपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वीज निर्माण कशी करावी, हे ह्या भूमीने देशाला दाखवले. ती सांडू कशी द्यायची नाही, हे शास्त्र शिकण्याचा पहिला हक्कही इथल्याच मुलांचा आहे. कारण त्या सांडण्याची किंमत त्यांच्या घरांनी दिली आहे. सातशे बावन्न किलोमीटरांची वाट आपण बांधली. आता ती शेवटची बोटभर वाट तेवढी राहिली आहे.